अ‍ॅक्रिलिकची शीट गरम करून वाकवणं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझं पहिलं काम अगदी साधं होतं. एका छोट्या सर्किटवर बसवायचं पारदर्शक झाकण, म्हणजे दोन बाजूंना काटकोनात वाकवलेली ३ मिमीची शीट. त्यापायी चार तुकडे वाया गेले. पहिला वाकवताना कट्‌कन मोडला. दुसऱ्यात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे उठले. तिसरा वाकला नीट, पण थंड होताना केळ्यासारखा बाकदार झाला. चौथा मात्र सुरेख जमला. दुसऱ्या दिवशी स्पिरिटने पुसला आणि डोळ्यांदेखत वळणावर बारीक तड्यांचं जाळं उमटलं.

पुढे बरीच झाकणं, स्टँड, ट्रे करून झाले. त्या चार तुकड्यांचं काय चुकलं होतं ते आता नीट कळतं, आणि नवीन माणूस नेमक्या याच चार जागी अडतो हेही पाहिलंय.

पायरी १: हातात कोणतं प्लॅस्टिक आहे ते आधी ओळखा

‘प्लॅस्टिक शीट’ या एका नावाखाली बरेच वेगवेगळे पदार्थ येतात आणि गरम झाल्यावर प्रत्येकाचं वागणं वेगळं असतं.

अ‍ॅक्रिलिक काचेसारखं पारदर्शक, टणक आणि ठिसूळ असतं. प्लेक्सिग्लास आणि पर्स्पेक्स ही त्याचीच व्यापारी नावं. साधारण १०५ अंश सेल्सिअसला ते मऊ पडायला लागतं, पण नीट वाकतं ते १५० ते १७० अंशांच्या दरम्यान. शिकायला हेच घ्या. वाकवल्यावर आकार चांगला धरतं आणि चुकलं तर सहसा पुन्हा गरम करून सरळ करता येतं.

पॉलिकार्बोनेट दिसायला तसंच, पण हातोडीनेही सहज फुटत नाही. त्याला १७५ ते १९० अंश लागतात. शिवाय ते हवेतला ओलावा शोषून घेतं. न वाळवता गरम केलं की त्या ओलाव्याची वाफ होऊन शीटभर बुडबुडे येतात, म्हणून आधी १२० अंशांच्या आसपास काही तास वाळवावं लागतं. पातळ पॉलिकार्बोनेट मात्र न तापवताच पत्र्यासारखं वाकवता येतं. मी तेच करतो.

पीईटीजी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, वाळवावं लागत नाही आणि लवकर वाकतं. ओरखडे मात्र पटकन पडतात. एबीएस आणि हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन बहुधा अपारदर्शक असतात आणि मॉडेल बनवणाऱ्यांच्या आवडीचे. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन स्पर्शाला मेणचट लागतात. कडक आणि पूर्ण वितळलेलं यांच्या मधला त्यांचा मऊ टप्पा इतका अरुंद असतो की सुरुवातीला त्यांच्या नादी न लागलेलं बरं.

पीव्हीसीबद्दल मात्र सावध राहा. फोम बोर्ड म्हणून मिळणाऱ्या हलक्या पांढऱ्या शीट बहुतेकदा पीव्हीसीच्या असतात. त्या कमी तापमानाला वाकतात, पण जास्त तापल्या किंवा जळल्या तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबतो, अवजारांना गंज चढवतो.

ओळखायची सोपी रीत अशी: कापलेला छोटा तुकडा पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतात, बाकीचे भरीव प्रकार बुडतात. फोम बोर्ड हवेमुळे तरंगतो, त्याला ही परीक्षा लागू नाही. पारदर्शक शीटचा अरुंद तुकडा जाड कापडात गुंडाळून, चष्मा लावून, थंडच वाकवून पाहा. अ‍ॅक्रिलिक तुटतं, पॉलिकार्बोनेट मुकाट वाकतं. जाळून वास घेण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो मी देत नाही, कारण ज्याला ओळखायचंय तेच पीव्हीसी निघालं तर?

अ‍ॅक्रिलिकमध्येही दोन जाती आहेत, कास्ट (साच्यात ओतून केलेली) आणि एक्सट्रुडेड (वितळवून फटीतून दाबून काढलेली). कास्ट शीट तापमानाच्या बाबतीत जरा सोशिक असते. एक्सट्रुडेडची जाडी एकसारखी असते, ती लवकर मऊ पडते, पण तडे जाण्याची भीती तिच्यात जास्त. विकत घेतानाच कोणती ते विचारून घ्या.

पायरी २: सामान जमवा

– शीट, आणि त्याच शीटचे दोन-तीन टाकाऊ तुकडे (हे विसरू नका)
– उत्पादकाचं माहितीपत्रक. वाकवण्याचं तापमान आणि आधी वाळवायचं की नाही, या दोन ओळी त्यात वाचायच्या.
– पट्टी हीटर (शीट एका सरळ रेषेत तापवणारं साधन, घरी कसं करायचं ते पायरी ३ मध्ये), किंवा हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं अवजार)
– गुण्या, मोजपट्टी, शीटवर लिहून पुसता येणारा मार्कर
– सरळ कडेचे दोन लाकडी ठोकळे आणि निदान दोन क्लॅम्प
– जाड सुती किंवा चामडी हातमोजे. नायलॉनचे नकोत, ते गरम शीटला चिकटतात.
– संरक्षक चष्मा
– कानस आणि बारीक पॉलिश पेपर
– घड्याळ. मोबाइलचा स्टॉपवॉच पुरे.

काम खिडकीजवळ किंवा उघड्यावर करा. अ‍ॅक्रिलिक पेट घेतं आणि पेटलं की जोरात जळतं, म्हणून उघडी ज्योत, मेणबत्ती, गॅसची शेगडी अजिबात नको. जवळ अग्निशामक ठेवा आणि वीज बंद करायचं बटण हाताशी असू द्या.

पायरी ३: तापवायचं साधन

हीट गन घरात असते, म्हणून सगळे तिच्यापासून सुरुवात करतात. पण तिची झळ गोल पसरते आणि आपल्याला हवी असते सरळ रेषा. एखाद्या चिंचोळ्या पट्टीचं टोक वाकवायचं असेल तर ती चालते. वाकवायची रेघ उघडी ठेवून दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या लावा, गन दहा-बारा सेंटीमीटरवर धरा आणि सतत हलवत राहा. हाताच्या तळव्याहून रुंद शीटला हीट गन लावली की एका जागी बुडबुडे आणि शेजारी थंड, असं होणारच.

त्यापेक्षा पट्टी हीटर करा. एका दुपारचं काम आहे. अ‍ॅल्युमिनियमची यू आकाराची चॅनल घ्या आणि तिच्या मधून, कुठेही न टेकता, निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची, हीटरमध्ये असते ती) तार ताणून बसवा. दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर हवेत. चॅनलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाट असे बसवा की त्यांवर ठेवलेली शीट तारेच्या ५–६ मिमी वर राहील.

हिशेब असा. ०.६४ मिमी जाडीच्या निक्रोम तारेचा रोध मीटरला साधारण ३.३ ओहम असतो. ६० सेंटीमीटर तार घेतली तर २ ओहम. तिला १२ व्होल्ट दिले की ६ अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे ७२ वॅट. १० अँपिअरचा १२ व्होल्ट पॉवर सप्लाय यासाठी पुरतो. उष्णता कमी-जास्त करायला डीसी मोटरचा वेग बदलणारं छोटं मॉड्यूल मध्ये जोडता येतं, फक्त ते तेवढा प्रवाह सोसणारं हवं.

इथे लोक तीन ठिकाणी फसतात. पहिलं, तार तापली की लांबते. ६० सेंटीमीटरची तार चार-पाच मिलीमीटर वाढते, सैल पडते आणि चॅनलला टेकते. म्हणून एका टोकाला स्प्रिंग लावा, ती ताण धरून ठेवते. दुसरं, तारेची टोकं सोल्डर करू नका. सोल्डर २०० अंशांच्या आतबाहेरच वितळतं. नट-बोल्टने किंवा पितळी कनेक्टरने घट्ट आवळा. तिसरं, कुठून तरी मिळालेल्या जुन्या सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा उष्णतारोधक म्हणून कापू नका. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

आणि ही उघडी तार डिमर लावून थेट घरातल्या विजेवर चालवण्याचा विचारही करू नका. डिमरने व्होल्टेज कमी झाल्यासारखं वाटतं, पण तारेला हात लागला तर झटका घरच्या विजेचाच बसतो. पॉवर सप्लायच्या विजेकडच्या जोडण्याही झाकलेल्या असू द्या.

पायरी ४: आखणी आणि माप

मापात सगळ्यांचं एकदा तरी चुकतं. बाहेरून ५० मिमी आणि ५० मिमी अशा दोन बाजू हव्या असतील तर शीट १०० मिमी कापायची नसते.

३ मिमी जाडीची शीट आतल्या बाजूने ३ मिमी त्रिज्येत वाकवली असं धरू. वळणाच्या बाहेरच्या टोकापासून वळण सुरू होईपर्यंतचं अंतर ३ + ३ = ६ मिमी. म्हणजे दोन्ही बाजूंचा सरळ भाग ४४ मिमी, मिळून ८८. वळणाची लांबी मोजायची ती शीटच्या मधल्या रेषेवर. तिची त्रिज्या ४.५ मिमी, काटकोनासाठी तिला १.५७ ने गुणलं की साधारण ७ मिमी. एकूण ९५. थोडक्यात, ३ मिमी शीटला दर काटकोनामागे ५ मिमी वजा करा. वाकवायची मधली रेघ कडेपासून ४७.५ मिमीवर येईल. टाकाऊ तुकडा वाकवून मोजा आणि तुमच्या हीटरप्रमाणे अर्धा-एक मिलीमीटर इकडेतिकडे करा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती येते. वळणाची लांबी ७ मिमी असेल तर तेवढी पट्टी मऊ व्हायलाच हवी, म्हणजे जाडीच्या साधारण अडीच पट. धारदार कोपरा मिळावा म्हणून काही जण तीनच मिलीमीटरची पट्टी तापवतात. वळण तेवढ्यात मावत नाही, शेजारचा कडक भाग ओढला जातो आणि तिथे ताण साचतो. तापणाऱ्या पट्टीची रुंदी दोन पाटांमधल्या फटीने ठरवता येते.

दोन वळणं जिथे एकमेकांना भेटतात, ट्रेच्या कोपऱ्यात भेटतात तशी, तिथे वाकवण्याआधीच एक भोक पाडा. खाच कापलीत तर तिचं आतलं टोक गोल ठेवा. अ‍ॅक्रिलिकला टोकदार आतला कोपरा दिसला की तडा तिथूनच निघतो.

पायरी ५: कापा, कडा गुळगुळीत करा, फिल्म काढा

करवतीच्या खरखरीत कडेवर प्रत्येक दात म्हणजे एक छोटी भेग असते आणि वाकवताना ती उघडते. निदान वळणाच्या जागी तरी कड कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ करा. वळणाजवळ भोकं हवी असतील तर ती वाकवल्यावर पाडा, नाहीतर गोल भोक लांबट होतं.

संरक्षक फिल्म दोन्ही बाजूंनी काढा. प्लॅस्टिकची फिल्म तापून एकदा चिकटली की नखाने खरवडत बसावं लागतं. शीट साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा. धुळीचा कण मऊ शीटमध्ये रुततो आणि मग निघत नाही.

पायरी ६: तापवणं

माझे पहिले दोन तुकडे इथे गेले, आणि तेव्हा ते एकाच चुकीमुळे गेले हे मला कळलं नव्हतं.

अ‍ॅक्रिलिक उष्णता फार सावकाश आत नेतं, पोलादाच्या मानाने शेकडो पटींनी सावकाश. वरचा थर मऊ लागला तरी मधला कडकच असतो. पहिला तुकडा मी त्या अवस्थेत वाकवला, मोडला. मग ‘उष्णता कमी पडली’ असं समजून व्होल्टेज वाढवलं. आता वरचा थर उकळायला लागला आणि आतला थर तेवढाच कडक राहिला. कमी होता तो वेळ, उष्णता नाही.

तेव्हा मध्यम आचेवर थांबा. हीटर आधी पाच मिनिटं नुसता तापू द्या. वाकवायची रेघ तारेच्या बरोबर वर येईल अशी शीट ठेवा आणि घड्याळ लावा. दर पाऊण मिनिटाने शीट उलटा, म्हणजे उष्णता दोन्हीकडून आत जाते. माझ्या हीटरवर ३ मिमीला चारेक मिनिटं लागतात. तुमच्याकडे तीन लागतील किंवा सहा. टाकाऊ तुकड्यावर वेळ मोजा आणि हीटरवरच लिहून ठेवा. ५–६ मिमीच्या पुढे वेळ जाडीच्या प्रमाणापेक्षाही जास्त वाढतो. तिथे वर-खाली दोन हीटर असतील तर काम सुकर होतं.

वेळ झाली हे हाताला कळतं. शीट एका बाजूने उचला. दुसरी बाजू रेषेपाशी आपल्याच वजनाने लवायला लागली की झालं. बोटाने हलकेच ढकलून पाहा. किंचितही अडलं, कुरकुर ऐकू आली, तर परत खाली ठेवा. ताकद लावावीशी वाटतेय याचा अर्थच ती अजून तयार नाही. उलट पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसले तर ते बुडबुड्यांची सुरुवात आहेत. लगेच उचला. आलेले बुडबुडे परत जात नाहीत.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो शीटवर रोखा, तारेवर नको. त्याचा मोजण्याचा ठिपका तारेपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे आजूबाजूच्या थंड चॅनलचा सरासरी आकडा दिसतो आणि तार थंड आहे असा समज होतो.

पायरी ७: वाकवा आणि धरून ठेवा

शेवटी जी बाजू तारेकडे होती ती वळणाच्या बाहेर येऊ द्या. ताण बाहेरच्या थराला बसतो, म्हणून सगळ्यात मऊ थर तिथे हवा. एकाच संथ हालचालीत वाकवा, एक-दोन अंश जास्तच, आणि लगेच ठोकळ्यांमध्ये काटकोनात बसवून क्लॅम्प लावा. ठोकळे आधीच मांडून ठेवलेले असावेत. हीटर ते ठोकळा यात पाच सेकंदांच्या वर गेली तर बाहेरचा थर गार होऊ लागतो.

क्लॅम्प वळणाच्या पूर्ण लांबीवर दाब देईल असा हवा. तापलेली पट्टी थंड होताना लांबीच्या दिशेने आक्रसते आणि शेजारचा थंड भाग आक्रसत नाही, त्यामुळे लांब वळण धनुष्यासारखं बाक घेतं. माझा तिसरा तुकडा मी दोन्ही हातांनी टोकांशी धरला होता, मधला भाग मोकळाच. लांबी जितकी जास्त, बाक तितका जास्त, तेव्हा पहिली कामं हातभर लांबीच्या आतलीच निवडा.

हात लावून नुसतं कोमट लागेपर्यंत हलवू नका. घाईने ओलं फडकं फिरवणं, पाण्यात बुडवणं, पंख्याखाली धरणं, हे काहीही नको. बाहेरून गार आणि आतून गरम राहिलं की आत कायमचा ताण कोंडला जातो. वळणाच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूने थोडं प्लॅस्टिक फुगून बाहेर येतं. तो दोष नाही, थंड झाल्यावर कानशीने काढा.

एकापेक्षा जास्त वळणं असतील तर क्रम कागदावर ठरवून घ्या. मी एकदा चारही बाजू एकामागून एक वाकवत गेलो आणि शेवटची रेघ हीटरवर टेकवायची वेळ आली तेव्हा आधीची बाजू पाटावर आपटत होती. शीटचा कागदी नमुना कापून, तोच घडी घालून हीटरवर ठेवून पाहिला की हे आधी कळतं.

पायरी ८: ताण काढा, मगच चिकटवा आणि पुसा

दिसायला निर्दोष वळणातही थोडा ताण उरलेला असतो. त्यावर स्पिरिट, थिनर, अमोनियायुक्त काच-क्लीनर किंवा शीट विरघळवून जोडणारं पातळ चिकटद्रव्य लागलं की बारीक तड्यांचं जाळं उमटतं. माझ्या चौथ्या तुकड्याचं हेच झालं. लेझरने कापलेल्या कडांनाही हाच धोका असतो.

उपाय म्हणजे वाकवलेला तुकडा तापमान ताब्यात राहील अशा विजेच्या ओव्हनमध्ये ७० ते ८० अंशांवर निदान दोन तास ठेवायचा आणि ओव्हन बंद करून आतच सावकाश थंड होऊ द्यायचा. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. १०० च्या वर गेलात तर वळण उलगडायला लागेल. ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजतं तो यासाठी वापरू नका, आणि गॅसचा ओव्हन तर मुळीच नको.

असा ओव्हन नसेल तर चिकटवायचं काम वळणापासून लांब ठेवा, जोडणी शक्यतो स्क्रूने करा, आणि पुसायला फक्त साबणाचं पाणी वापरा. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा आणि स्क्रू पिळून आवळू नका.

कोन चुकला तर

शीट टाकू नका. अ‍ॅक्रिलिकला आधीचा सपाट आकार लक्षात असतो. तीच रेघ पुन्हा पूर्ण मऊ होईपर्यंत तापवली की ते बरंचसं आपणहून उलगडतं. मग दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून थंड करा आणि परत वाकवा. एकदा-दोनदा हे चालतं. बुडबुडे आलेल्या किंवा तडा गेलेल्या तुकड्याला मात्र याचा उपयोग नाही. माझा केळ्यासारखा झालेला तिसरा तुकडा असाच सरळ करून पुन्हा वाकवला, आणि त्या सर्किटवर आजही तोच बसलेला आहे.